जेवल्यानंतर बाबांचं पोट दुखतं, घरात सगळे म्हणतात गॅस. आत नक्की कुठे काय असतं?

रामबागवाली
नमस्कार मंडळी. इंदूरचे बरेच जण इथे वाचतात म्हणून इथेच धागा काढतेय. आमचे बाबा, वय ६६, दिवाळीपासून अधूनमधून जेवल्यावर पोट धरून बसतात. घरी दर वेळी एकच निदान, गॅस झालाय. मग ओवा, हिंग, सोडा आणि मेडिकलवाल्याने दिलेली गोळी. तास-दोन तासांत कमी होतं आणि विषय संपतो. परवा रविवारी काकूकडे दाल-बाफले होते, बाबांनी नेहमीसारखं तूप ओतून घेतलं, आणि संध्याकाळी इतकं दुखलं की घाम फुटला. रात्री थांबलं. ते म्हणतात काही नाही, गॅसच होता. मला खरं म्हणजे पोटाच्या आत काय कुठे असतं हेच नीट माहीत नाही, शाळेत आकृती काढून नावं दिली होती तेवढंच. जेवण आत गेल्यावर कुठे कुठे जातं आणि कुठे दुखलं तर काय समजायचं हे कोणी नीट सांगेल का? गूगल करून डोकं फिरून राहिलंय, प्रत्येक ठिकाणी शेवटी कॅन्सरच निघतो.

वॉर्ड_नंबर_सहा
ताई, घाम फुटला म्हणताय आणि वय ६६. ईसीजी काढलाय का? नसेल तर बाकीचा धागा नंतर वाचा, आज आधी तो काढून घ्या. मी नर्स आहे, कॅज्युअल्टीत हे किती वेळा पाहिलंय. हार्टच्या खालच्या बाजूचा अटॅक असला की पुष्कळांना छातीत काहीच होत नाही, बेंबीच्या वर दुखतं, मळमळतं, घाम येतो, आणि घरचे सोडा पाजत बसतात. त्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. पुन्हा घामासकट दुखलं तर वाट बघायची नाही, सरळ १०८ लावायचा.

रामबागवाली
काढला ताई, आजच दुपारी. नॉर्मल आहे. डॉक्टरांनी रक्तातलं ट्रोपोनिन (हार्टला इजा झालीये का ते सांगणारी तपासणी) पण करवलं, तेही ठीक आलं. सोनोग्राफी लिहून दिलीये पण बाबा तयार होत नाहीयेत, गॅससाठी कशाला सोनोग्राफी म्हणून राहिलेत.

निवृत्त_मास्तर
ईसीजी झाला हे फार बरं केलंत. आता सोनोग्राफी का करायची ते बाबांना पटेल अशा पद्धतीने सांगतो, त्यासाठी त्यांनी खाल्लेला बाफलाच घेऊ. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचो, डॉक्टर नाही, त्यामुळे शरीर कसं चालतं तेवढं मी सांगेन, उपचाराचं वॉर्ड सहा ताई आणि तुमचे डॉक्टर.

बाफला म्हणजे जाडसर कणकेचा गोळा, आधी उकडलेला, मग भाजलेला आणि मग तुपात बुडवलेला. त्यात स्टार्च आहे, प्रोटीन आहे (डाळीतलं अजून वेगळं) आणि फॅट तर भरपूर. या तिघांचं पचन एकाच ठिकाणी सुरू होत नाही, आणि कुठे काय होतं हे कळलं की कुठे का दुखतं तेही कळायला लागतं.

स्टार्च तोंडातच सुरू होतं. कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत, दिवसभरात साधारण १ ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, ते स्टार्चची लांब साखळी तोडून माल्टोज नावाची साखर करतं. मुलांना हे सांगून कधी पटायचं नाही म्हणून मी वर्गात करूनच दाखवायचो. भाताची पातळ पेज घ्यायची, दोन परीक्षानळ्यांत ओतायची, एकीत मुलाची लाळ आणि दुसरीत तीच लाळ उकळून गार केलेली. दोन्ही नळ्या कोमट पाण्यात उभ्या करायच्या. पांढऱ्या टाइलवर आयोडीनचे थेंब ओळीने ठेवायचे आणि दर मिनिटाला दोन्ही नळ्यांतला एकेक थेंब त्यात सोडायचा. सुरुवातीला दोन्हीकडे काळानिळा रंग. मग साध्या लाळेच्या ओळीत निळ्याचा जांभळा, जांभळ्याचा तपकिरी, आणि पुढे आयोडीनचा रंग बदलतच नाही, म्हणजे स्टार्च संपलं. उकळलेल्या लाळेची ओळ शेवटपर्यंत निळीच, कारण उकळल्यावर एन्झाइम मोडतं. टाइल खिडकीपाशी धरली की मागच्या बाकावरचा मुलगा पण उठून पुढे यायचा.

बाफला आधी उकडतात त्यामुळे त्यातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगलेले असतात, एन्झाइमला ते सोपे जातात. पण लोक दोन वेळा चावून गिळतात, मग अमायलेजला वेळच कुठे मिळतो? घासाच्या आतल्या भागात जठरात गेल्यावरही ते थोडा वेळ काम करत राहतं, ॲसिड आतपर्यंत पोचलं की थांबतं.

पुढे अन्ननलिका, साधारण २५ सेंमी. घास वजनाने खाली पडत नाही, नळीच्या भिंतीतले स्नायू मागून आवळत पुढे ढकलतात. म्हणून आडवं पडून प्यायलं तरी पाणी जठरातच जातं.

जठर पोटात मधोमध नसतं, डाव्या बाजूला बरगड्यांच्या आड वर असतं. लोक बेंबीवर हात ठेवून "पोटात ॲसिड झालं" म्हणतात तिथे खरं तर आतड्याची वेटोळी असतात. जठरात दिवसाला दोनेक लिटर रस येतो, त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, पीएच दीड ते साडेतीनच्या आसपास. प्रोटीन तोडणारं पेप्सिन याच ॲसिडमध्ये चालतं. पेप्सिन पेशीत तयार असं बनतच नाही, पेप्सिनोजेन म्हणून बाहेर पडतं आणि ॲसिड लागल्यावर चालू होतं, नाहीतर बनवणाऱ्या पेशीलाच पचवून टाकेल. भिंत वाचते ती चिकट म्यूकसच्या थराने, त्या थरात ॲसिड निववणारं बायकार्बोनेट असतं.

तुपाचं उरलंय, ते उद्या लिहितो. तोवर बाबांना एक विचारा, नेमकं कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवायला सांगा, आणि जेवल्यावर किती वेळाने सुरू होतं ते पण.

राजवाडा_टू_पुणे
सर काय लिहिलंय! आमच्या शाळेत असा प्रयोग कोणी दाखवला असता तर मी कॉमर्सला गेलो नसतो. एक विचारायचंय, जठरात अन्न किती वेळ राहतं? आणि जेवताना पाणी प्यायलं की ॲसिड पातळ होऊन पचत नाही हे खरं का? आमच्या आजीने जन्मभर पाण्याचा तांब्या पानापासून लांब ठेवला.

निवृत्त_मास्तर
साध्या जेवणाला दोन ते चार तास. तूप-तेल जास्त असलं की अजून वेळ, कारण फॅट लहान आतड्यात पोचलं की तिथून जठराला संदेश जातो, हळू सोड. बाफल्यांनंतर संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही ती यामुळेच. पाण्याने पचन बिघडत नाही. पाणी जठरातून पटकन पुढे निघून जातं आणि ॲसिड गरजेप्रमाणे येतच राहतं. आजींना ज्याने बरं वाटत असेल ते त्यांनी करावं, पण तहान मारायची गरज नाही.

जठराच्या आत काय होतं हे माणसाला कळलं कसं तेही सांगतो, मला ही हकीकत फार महत्त्वाची वाटते. १८२२ मध्ये अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका तरुण मजुराला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. विल्यम बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरने त्याला वाचवलं, पण जखम भरताना जठराचं भोक बाहेरच्या कातडीला जोडलं गेलं आणि ते कायमचं राहिलं. १८२५ मध्ये बोमाँटने त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले तुकडे आत सोडले, मांसाचे वेगवेगळे प्रकार, शिळा पाव, कच्ची कोबी. तासाने दोरा ओढून पाहिलं तर कोबी आणि पाव निम्मे विरघळलेले, मांस जवळपास तसंच. पुन्हा आत सोडलं. तोवर पचन म्हणजे नुसतं दळणं की कुजणं की रासायनिक काम यावर वाद होता, बोमाँटने जठरातला रस काचेच्या भांड्यात काढून उबेत ठेवला आणि त्यात मांस विरघळतं हे दाखवलं, म्हणजे काम रसाचं आहे. तो माणूस चिडला की जठराच्या आतल्या अस्तराचा रंग आणि रस बदलतो हेही त्याने लिहून ठेवलंय. १८३३ मध्ये हे सगळं छापलं गेलं. सेंट मार्टिनला मात्र यात किती त्रास झाला असेल, तो मध्येच सोडून घरी निघून जायचा आणि गरिबीमुळे परत यायचा, हे वाचताना मला नेहमी वाईट वाटतं. आपल्याला ॲसिडिटीची गोळी मिळते त्यामागे हा माणूस पण आहे.

चिमणबाग
मला वाटतं हे सगळं तिखटाने होतं. आपल्याकडे इंदूरला पोह्यांवर जिरावन मसाला, वर शेव, कचोरी, रात्री सराफ्यातला खाऊबाजार. अल्सर होणार नाही तर काय होणार.

वॉर्ड_नंबर_सहा
दादा, तिखटाने जळजळतं हे खरं, मिरचीतलं कॅप्सायसिन आग जाणवणाऱ्या नसांना चाळवतं, पण अल्सरचं मुख्य कारण ते नाही. दोन मोठी कारणं आहेत, एक हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आणि दुसरं दुखण्याच्या गोळ्या. जंतूची गोष्ट तर प्रसिद्धच आहे, ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी तो शोधला, ॲसिडमध्ये जंतू जगूच शकत नाही म्हणून कोणी ऐकेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतः तो जंतू प्यायला आणि त्याला जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज अल्सर त्यामुळे असेल तर अँटिबायोटिकने बरा होतो.

गोळ्यांचं जास्त मनावर घ्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनणं थांबवतात. त्याने गुडघा दुखायचा थांबतो, पण जठराच्या म्यूकसचा थर टिकवायला तेच प्रोस्टाग्लँडिन लागतं, म्हणजे भिंत उघडी पडते. रामबागवाली ताई, बाबा गुडघ्याची किंवा कमरेची गोळी घेतात का? आणि शी डांबरासारखी काळी कधी झाली होती का ते विचारा, लाजू नका. काळी चिकट शी म्हणजे वर कुठेतरी रक्तस्राव, मग त्याच दिवशी दवाखाना. लोहाच्या गोळ्यांनी पण काळी होते, त्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र स्वतःहून बंद करायची नाही.

रामबागवाली
गुडघ्यासाठी कधीकधी घेतात, मेडिकलवरून आणून. हे तर डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. काळी नाही झाली. आणि सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे विचारलं. बोट त्यांनी उजव्या बरगडीच्या अगदी खाली ठेवलं. जेवल्यावर तास-दीड तासाने सुरू होतं, आणि परवा उजव्या खांद्याच्या मागे पण दुखत होतं, ते त्यांना वाटलं झोपताना मान अवघडली.

निवृत्त_मास्तर
हे ऐकून मी तुपाचं आत्ताच लिहितो, आणि ताई, सोनोग्राफीची अपॉइंटमेंट उद्याचीच घ्या.

तूप पाण्यात मिसळत नाही हे भांडी घासताना सगळ्यांना माहीत असतं. एन्झाइम पाण्यात काम करतात, मग तुपाच्या थेंबाच्या आत पोचणार कसे? त्यासाठी पित्त आहे. लिव्हर उजव्या बाजूला बरगड्यांखाली असतं, ते दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. जेवणाच्या मधल्या वेळात हे पित्त लिव्हरखालच्या एका लहान पिशवीत साठतं, तेच पित्ताशय, ज्याला आपल्याकडे पित्त की थैली म्हणतात. त्यात मावतं फक्त ३० ते ५० मिली, पण पिशवीची भिंत त्यातलं पाणी शोषून घेते त्यामुळे पित्त चांगलं दाट होतं. जठरातून तूप लहान आतड्याच्या पहिल्या भागात, ड्युओडेनममध्ये, उतरलं की तिथली भिंत कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन रक्तात सोडते आणि त्या हुकमावर पित्ताशय आकुंचन पावतं. पित्तातले क्षार तुपाचे मोठे थेंब फोडून बारीक करतात आणि स्वादुपिंडातून आलेलं लायपेज ते पचवतं. स्वादुपिंड बायकार्बोनेट पण सोडतं, त्याने जठरातून आलेलं ॲसिड तिथेच निवतं. हे बायकार्बोनेट सोडायला सांगणारा सिक्रेटिन १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी शोधला, माणसाला कळलेला तो पहिला हार्मोन.

आता समजा त्या पिशवीत खडे आहेत. उपाशी असताना पिशवी सैल, काही त्रास नाही. तुपाचं जेवण झालं, पिशवी आवळली, खडा तोंडाशी अडकला की दुखणं सुरू, अर्ध्या तासापासून चार-पाच तासांपर्यंत. पिशवी सैल झाली, खडा मागे सरकला की आपोआप थांबतं, आणि घरच्यांना वाटतं ओव्याने थांबलं. खांद्याचं कारण पण आहे. वरच्या पडद्याची, म्हणजे डायफ्रामची नस मानेतून येते आणि खांद्याकडची जाणीवही त्याच पातळीवरून मेंदूकडे जाते, मेंदूला नेमकं कुठलं दुखतंय ते वेगळं करता येत नाही.

बाबांना खडेच आहेत असं मी म्हणत नाही, ते सोनोग्राफी सांगेल. पण तूप खाल्ल्यावर उजवीकडे बरगडीखाली दुखणं आणि खांद्यामागे जाणं, एवढं डॉक्टरांना सांगितलं तर ते "पोटात गॅस होतो" पेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचं आहे. खडे पाहायला सोनोग्राफी उत्तम, सुई नाही की रेडिएशन नाही, फक्त सकाळी उपाशी जायचं म्हणजे पिशवी भरलेली दिसते.

दहावीची_आई
वाचतेय, मुलीलाही वाचून दाखवतेय. तिचा प्रश्न आहे की तूप पचल्यावर पुढे जातं कुठे, रक्तात?

निवृत्त_मास्तर
फार चांगला प्रश्न विचारलाय बेटा. साखर आणि अमिनो ॲसिड थेट रक्तात जातात आणि पोर्टल व्हेनने आधी लिव्हरकडे. फॅट बहुतेक तसं जात नाही. लहान आतड्याच्या आत व्हिलाय नावाचे बारीक उंचवटे असतात, प्रत्येकाच्या मध्यात रक्ताच्या केशिकांबरोबर लिम्फची, म्हणजे रक्तातून झिरपलेला पातळ द्रव परत नेणारी, एक नळी असते. फॅटचे तयार झालेले कण त्या नळीत शिरतात, तिथून छातीतल्या मोठ्या लिम्फवाहिनीतून मानेच्या डाव्या बाजूला शिरेत मिसळतात, म्हणजे लिव्हरला वळसा घालून. १६२२ मध्ये इटलीत गास्पारे असेल्ली या शल्यविशारदाने नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडलं तेव्हा आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या रेषा दिसल्या, त्याला आधी नसा वाटल्या, एक कापली तर दुधासारखा द्रव आला. उपाशी कुत्र्यात त्या दिसल्याच नाहीत. तेच जेवणातलं फॅट.

राजवाडा_टू_पुणे
या व्हिलायमुळे आतडं पसरलं तर टेनिस कोर्टाएवढं होतं असं वाचलंय.

निवृत्त_मास्तर
पुस्तकांत अजूनही तसं छापलेलं असतं, २५०-३०० चौरस मीटर. २०१४ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी मायक्रोस्कोपखाली नव्याने मोजून पाहिलं, तोंडापासून शेवटपर्यंत सगळं मिळून सरासरी ३२ चौरस मीटर निघालं, म्हणजे बॅडमिंटनच्या कोर्टाच्या निम्म्यापेक्षाही थोडं कमी. मुलीला हाच आकडा सांगा.

वॉर्ड_नंबर_सहा
कुठे दुखतं त्यावर थोडं माझ्याकडून. आतल्या अवयवांचं दुखणं सुरुवातीला नेमक्या जागी कळत नाही, मधल्या रेषेवर कुठेतरी जाणवतं. जठर, पित्ताशय, स्वादुपिंड असेल तर बेंबीच्या वर. लहान आतडं आणि अपेंडिक्स असेल तर बेंबीच्या आसपास. मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा भाग असेल तर बेंबीच्या खाली. म्हणूनच अपेंडिक्सचं दुखणं आधी बेंबीपाशी येतं, भूक जाते, उलटी होते, आणि काही तासांनी, सूज बाहेरच्या पडद्यापर्यंत पोचली की उजवीकडे खाली सरकून एका जागी बसतं. मुलांच्या बाबतीत आया म्हणतात सकाळी तर बेंबीजवळ होतं, आता इकडे कसं. त्यांनी ही सरकण्याची गोष्ट सांगितली ना की ड्यूटी डॉक्टर लगेच कान टवकारतात. अशा दुखण्यावर शेक नाही, जुलाबाची गोळी तर अजिबात नाही.

चिमणबाग
ताई, तिखटाचं तुमचं पटलं. मग रात्री सराफ्यात खाण्याचं काय? आम्ही गराडू, भुट्ट्याचा कीस, वर मावाबाटी असं खाऊन रात्री बाराला घरी येतो आणि झोपतो, छातीत जळजळ ठरलेली.

निवृत्त_मास्तर
अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूचं एक कडं असतं, ते बंद राहिलं की ॲसिड वर येत नाही. जठर तट्ट भरलेलं, त्यात तळलेलं, म्हणजे ते उशिरा रिकामं होणार, आणि तुम्ही आडवे झालात. कडं जरा सैल पडलं की ॲसिड वर आलंच, आणि अन्ननलिकेला जठरासारखं म्यूकसचं जाड आवरण नाही म्हणून ती जळते. खाणं आणि झोप यात दोन-तीन तास ठेवा. झोपायचंच असेल तर डाव्या कुशीवर, त्या बाजूने जठर खाली येतं आणि अन्ननलिकेचं तोंड वर राहतं.

रात्रीच्या खाण्याचं अजून एक आहे जे कमी लोकांना माहीत असतं. पोट रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत एक जोरदार लाट जाते, उरलासुरला कचरा आणि जंतू पुढे मोठ्या आतड्यात झाडून नेते. उपाशीपोटी गुडगुड वाजते ती बहुतेक हीच. काही खाल्लं की ही लाट थांबते. दिवसभर चरत राहणाऱ्याच्या आतड्याची दिवसा झाडलोट नीट होत नाही. सराफा बंद करा असं मी म्हणणार नाही, मी स्वतः तिथला भुट्ट्याचा कीस आवडीने खातो, पण लवकर जा आणि रात्रीचं जेवण म्हणून खा, जेवणानंतर नको.

बडोदेकर
इकडे बडोद्यात उन्हाळा सुरू झाला की घरोघरी जुलाब. त्याबद्दल पण लिहा ना कोणी. शेजारी म्हणतात जुलाबात पाणी देऊ नका, आतडं साफ होऊ द्या.

वॉर्ड_नंबर_सहा
हे ऐकून अंगावर काटा येतो. पाणी बंद केल्यानेच लहान मुलं जातात. आकडे बघा, आपण दिवसाला २ लिटर पितो-खातो, आणि लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंड, आतड्याचा रस मिळून शरीर स्वतःच अजून ७ लिटर आत ओततं. हे ९ लिटर जवळपास सगळं आतडं परत शोषतं, शीतून जातं जेमतेम १००-२०० मिली. शोषणं बिघडलं की किती पाणी जाईल याचा अंदाज करा.

आणि इथेच शरीराने एक दार उघडं ठेवलंय. आतड्याच्या पेशीत साखर आणि मीठ हातात हात घालून आत जातात, आणि त्यांच्यामागे पाणी. जुलाबात बाकी रस्ते बिघडले तरी हा चालू राहतो. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव कॅम्पमध्ये कॉलरा पसरला, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात करून ठेवलं आणि घरच्यांनाच पाजायला लावलं. तिथले मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास होते ते चारच्या खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. घरी ओआरएसचं पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर धोका, म्हणून सपाटच मोजा, अंदाजे नको. बाळ आईचं दूध पीत असेल तर ते चालूच ठेवायचं, आणि झिंकच्या गोळ्या विचारून घ्या. मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले, लघवी थांबली की दवाखाना.

रामबागवाली
मंडळी, सोनोग्राफी झाली. पित्ताशयात बरेच लहान खडे आहेत, पित्ताची नळी सध्या मोकळी आहे. डॉक्टरांनी सर्जनकडे पाठवलंय, पुढच्या आठवड्यात दुर्बिणीने ऑपरेशन म्हणतायत, आख्खी पिशवीच काढणार. बाबा घाबरलेत. म्हणतात खडे काढा पण पिशवी कशाला काढता, देवाने दिलीये ती कशासाठी.

निवृत्त_मास्तर
त्यांना म्हणावं पित्त बनवणारं लिव्हर जागेवरच राहणार आहे. पिशवी फक्त साठवण. ती गेली की पित्त दिवसभर थोडं थोडं थेट आतड्यात गळत राहतं, पचनाचं काम चालू राहतं. एका वेळी खूप तूप आलं तर साठवलेलं दाट पित्त एकदम सोडता येत नाही इतकाच फरक, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे थोडं थोडं खायचं. नुसते खडे काढून पिशवी ठेवली तर ज्या पिशवीत खडे झाले तिथेच पुन्हा होतात. हे ऑपरेशन काही नवं नाही, पहिलं १८८२ मध्ये बर्लिनला कार्ल लांगेनबुख यांनी केलं, दुर्बिणीने करायला १९८५ मध्ये जर्मनीतच सुरुवात झाली.

काहींना ऑपरेशननंतर पातळ शी होते. पित्ताचे क्षार एरवी लहान आतड्याच्या शेवटी ९५ टक्के परत शोषले जाऊन लिव्हरकडे जातात, पुन्हा पुन्हा वापरले जातात. पित्त सतत गळत राहिलं की काही क्षार निसटून मोठ्या आतड्यात जातात आणि तिथे पाणी सुटतं. बहुतेकांचं आपोआप बसतं, नाही बसलं तर त्यावर औषध आहे, सहन करत बसू नका.

वॉर्ड_नंबर_सहा
ऑपरेशनपर्यंत तूप, तळलेलं बंद. गुडघ्याच्या गोळीचं सर्जनला आधीच सांगा, रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर तेही. आणि या आठवड्यात थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, शी पांढरट मातकट झाली किंवा दुखणं पाच-सहा तासांत थांबलं नाही, यातलं एक जरी झालं तरी तारखेची वाट न बघता लगेच घेऊन जा.

दहावीची_आई
शी पांढरी का होते?

निवृत्त_मास्तर
रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवसांनी मोडतात, त्यांच्या हिमोग्लोबिनपासून पिवळं बिलिरुबिन बनतं, लिव्हर ते पित्तातून आतड्यात टाकतं. मोठ्या आतड्यातले जंतू त्याचं स्टर्कोबिलिन करतात, शीचा तपकिरी रंग त्याचा. खडा खाली सरकून मुख्य नळीत अडकला तर पित्त आतड्यात पोचतच नाही, म्हणून शी फिकी पडते. बिलिरुबिन मागे रक्तात साचतं म्हणून डोळे पिवळे, आणि ते किडनीवाटे जायला लागतं म्हणून लघवी गडद.

रामबागवाली
हे सगळं आईला वाचून दाखवलं. सर्जनची वेळ गुरुवारी मिळालीये. बाबांनी स्वतःच कागदावर लिहून ठेवलंय, कुठे दुखतं, जेवल्यावर किती वेळाने, खांद्याचं, आणि गुडघ्याच्या गोळीचं नाव. ऑपरेशन झालं की इथे कळवते.